दार उघडणाऱ्याला कुणी विचारलं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र होतं. रविवारी पन्हाळ्याला जाणारे सायकलवाले व्यायामाच्या नावाखाली बिअर ढोसतात आणि मग रस्त्याच्या मधोमध सायकली हाणतात, असा त्यांचा राग. त्यातलं पहिलं निम्मं खरं आहे. दुसरं तर सगळंच खरं आहे, मी स्वतः मधोमध चालवतो. पण पहिल्यामुळे दुसरं होत नाही. मधोमध चालवायचं कारण रस्त्याकडेला लावलेल्या मोटारीच्या दारात आहे, बाटलीत नाही. एवढंच सांगायला बसलो होतो, पण लिहिता लिहिता लांबलं. कात्री आपल्या हातात आहेच.

माझं वय ५८. उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी सायकल धरायला सांगितलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. आम्ही सातजण रविवारी साडेपाचला दसरा चौकात जमतो. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा. एका बाजूनं साधारण वीस किलोमीटर, त्यातला शेवटचा चढ जीव काढणारा. वर गेल्यावर झुणका-भाकरी, दही, आणि खाली येईपर्यंत वाद. वाद बहुतेक वेळा पिण्यावरूनच असतो, हे कबूल करतो.

सातातले दोघं थेंबालाही शिवत नाहीत. एक आमचे पैलवान. तालीम सुटली, पोट सुटलं, पण दूध सुटलं नाही. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध घेतात आणि मिशीवरचा फेस पुसत म्हणतात, "तुमच्या बिअरला असला फेस येतो काय?" येत नाही, हेही खरं. दुसरे आमचे औषध दुकानदार, ते फक्त सोलकढीवाले.

बाकीच्या पाचांच्या जिभा पाच दिशांना. वकीलसाहेबांना स्ट्राँगच लागते. माइल्ड समोर ठेवली तर म्हणतात, "यापेक्षा उसाचा रस काय वाईट?" मला लेबलं वाचायची खोड. स्ट्राँगवर ८ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं. साडेसहाशे मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. माझा ३३० मिलीचा माइल्ड पाइंट ५ टक्क्यांचा धरला तर साडेसोळा. म्हणजे वकीलसाहेब एका बाटलीत माझे तीन पाइंट पितात आणि वर "एकच घेतली" म्हणतात. घाम गाळून आलेल्या अंगात ती बाटली आणखी पाणी काढून नेते, मग सोमवारी कोर्टात डोकं धरून बसतात. हे मी त्यांना कागदावर मांडून दिलं होतं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पुरावा ग्राह्य नाही म्हणाले.

आमच्यातला धाकटा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. त्याला गव्हाची बिअर लागते. ती गढूळ का दिसते, तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास कुठून येतो, हे तो चढावर धापा टाकतसुद्धा सांगतो. वास यीस्टमुळे येतो, केळं-लवंग काही घातलेली नसते. मी एकदा चाखली. वास छान, पण पन्हाळा चढून आल्यावर मला काहीतरी कडवट हवं असतं, शिकरण नको. पाचवे आमचे कॉन्ट्रॅक्टर, त्यांना काय आवडतं हे बिल कोण देणार त्यावर ठरतं.

मी स्वतः एक माइल्ड पाइंट मोठ्या ग्लासात ओततो आणि त्यात तेवढाच लिंबू घातलेला गोटी सोडा. मंडळी यावर फार हसायची. मग धाकट्यानं शोधून काढलं, की जर्मनीत अर्धी बिअर आणि अर्धं लिंबाचं गोड पाणी असं पेय आहे आणि त्याचं नाव राडलर. जर्मनमध्ये राडलर म्हणजे सायकलस्वार! म्युनिकजवळच्या एका हॉटेलवाल्याकडे १९२२ मध्ये सायकलवाल्यांची झुंबड उडाली, बिअर पुरेना, म्हणून त्यानं लेमोनेड मिसळून वाढली, अशी कथा तिकडं सांगतात. खरी-खोटी तो जाणे. तेव्हापासून माझा ग्लास आला की सगळे उठून नमस्कार करतात.

वाईनवाले एकटे मास्तर. निवृत्त शिक्षक, भूगोलाचे. त्यांचे एक पाहुणे पलूसचे बागायतदार. सरकारनं द्राक्ष-वाईनचं धोरण आणून विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले, त्या वेळी या पाहुण्यांनी वाईनची द्राक्षं लावून पाहिली आणि हात पोळून परत बेदाण्याकडं वळले. त्यांच्याकडून मास्तर शिकले, की वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं असतं आणि लाल वाईनचा तुरटपणा त्या सालींतून, बियांतून येतो. मास्तरांनी एकदा घरी तांबड्या रश्श्याबरोबर लाल वाईन ठेवली. तिखटावर तो तुरटपणा आणि अल्कोहोल म्हणजे आगीत रॉकेल. पैलवानांना घाम फुटला, आणि ते तर नुसताच रस्सा पीत होते. पुढच्या वेळी पांढऱ्या रश्श्याबरोबर थंडगार शेनिन ब्लांक आणली. नारळाच्या दुधाला ती किंचित गोडसर वाईन काय शोभली! त्या दिवसापासून मी वाईनला नावं ठेवायचं बंद केलं. पीत मात्र नाही. आपल्याकडं 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाईन सोडून सगळं पटकन सापडतं, वाईन मागितली की पोऱ्या स्टूल घेऊन वरच्या फळीवरची धूळ झटकतो. ती बाटली माझ्या नशिबी कशी आली ते पुढं सांगतो.

पण आधी आमचा नियम. सायकल घरात, हेल्मेट खुंटीला, आंघोळ, मग काय ते. चार वर्षांपूर्वी वकीलसाहेबांनी वर गडावरच एक उघडली होती. मोटार वाहन कायद्याचं पिऊन चालवण्याबद्दलचं १८५ कलम मोटार वाहनाला आहे, शंभर मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची मर्यादा त्यांना, सायकलला कलम लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. पैलवान म्हणाले, "कलम लागत न्हाई वकीलसाहेब, कठडा लागतो." उतारावर दुसऱ्याच वळणाला तो लागलाही. कोपर आणि गुडघा सोलवटला. त्यानंतर नियम मोडलेला नाही.

आता माझं.

डिसेंबरात मास्तरांची एकसष्टी होती. त्यांना आवडते म्हणून राजारामपुरीत नाशिकच्या शिराझची, म्हणजे लाल वाईनची, बाटली घेतली आणि टाकाळ्याकडं निघालो. संध्याकाळचे साडेसात. डोक्याला हेल्मेट, पुढं पांढरा दिवा, मागं लाल लुकलुकणारा. चूक एकच केली. हँडलला पिशवी अडकवू नये हे मी अकरा वर्षं दुसऱ्यांना सांगतोय, आणि त्या दिवशी कापडी पिशवी मीच हँडलला अडकवली होती. मेन रोडला डावीकडं मोटारींची रांग. मी रांगेला चिकटून, अगदी शहाण्या मुलासारखा. एका पांढऱ्या मोटारीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. इंजिन बंद, दिवे बंद, काचा काळ्या, आत माणूस आहे हे कळायला मार्ग नाही. दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली, हँडल गर्रकन फिरलं आणि मी उजव्या खांद्यावर रस्त्याच्या मधे. मागं बस नव्हती म्हणून हे पत्र लिहितोय.

बाटली फुटली. शर्ट, पँट, रस्ता, सगळं लालभडक. शेजारी भाजी घेऊन बसलेली बाई ओरडली, "आगं बया, रगात, रगात!" पाच-सहाजण धावले. एकानं पाणी आणलं, एकानं माझं डोकं मांडीवर घेतलं. मग त्याला वास आला. मांडी हळूच काढून घेतली त्यानं, डोकं माझं हेल्मेटसकट रस्त्याला टेकलं. वरून प्रश्न, "अण्णा, किती घेतलीसा?" मोटारवाला तोवर फोन कानालाच लावून उभा होता. हा प्रश्न ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. म्हणाला, "बघा की, पिऊन माझ्या दारावर आदळले."

दारावर आदळले. तेव्हापासून हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. रुग्णालयात तेच, पोलिसांच्या कागदावर तेच, नातेवाइकांच्या तोंडीही तेच: दारावर आदळला. जणू दार वर्षानुवर्षं तिथं उभं होतं, आणि मीच शोधत शोधत गेलो.

कॉलर बोन दोन जागी मोडलं. प्लेट, सहा स्क्रू. आयुष्यभर स्क्रूला आटे पाडले, आता सहा अंगात घेऊन फिरतो. ते दुखणं गेलं. राहिली ती केसपेपरवरची ओळ. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'मद्याचा वास येत आहे.' शर्टाला की तोंडाला, ते नाही. मेडिक्लेमवाल्यांनी नेमकी तीच ओळ धरली आणि खुलासा मागवला. दोन महिने खेटे घालून त्याच डॉक्टरांकडून 'वास कपड्यांना होता, श्वासाला नव्हता' असं लिहून घेतलं. भला माणूस, चूक मान्य केली. फाइल अजून मिटलेली नाही. या सगळ्या कागदांत, मी एकूण एक वाचलेत, मोटारवाल्यानं दार उघडण्याआधी आरशात पाहिलं का, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. मला मात्र काय प्यालास, कुठं प्यालास, किती प्यालास, सोबत कोण होतं, हे चारचौघांत चार-चारदा विचारलं.

खांदा बांधून पडलो होतो तेव्हा धाकट्यानं एक गोष्ट सांगितली. १९५० च्या टूर द फ्रान्स शर्यतीत अब्देल कादर झाफ नावाचा अल्जेरियाचा सायकलपटू उन्हानं भोवळ येऊन पडला. झाडाखाली झोपवलं, उठला तो सायकलवर बसून उलट्या दिशेनं निघाला. अंगाला वाईनचा वास, त्यामुळे पिऊन पडला अशी त्याची जगभर ख्याती झाली. तो मुसलमान, दारू न पिणारा. शुद्धीवर आणायला द्राक्षाच्या मळेवाल्यांनी हाताशी होती ती वाईन त्याच्या अंगावर ओतली होती, असं त्याच्या बाजूनं सांगतात. ही गोष्ट ऐकून मला केवढा धीर आला! झाफला निदान प्रसिद्धी तरी मिळाली.

बरा झाल्यावर पहिलं काम केलं ते टेप घेऊन माझ्याच मोटारीचं दार मोजायचं. हो, माझ्याकडं मोटार आहे, त्याबद्दल पुढं. दार पूर्ण उघडल्यावर बाहेर येतं ९२ सेंटिमीटर. माझं हँडल ६० सेंटिमीटर रुंद, त्याचं निम्मं ३०. म्हणजे दारातून वाचायचं तर माझं चाक मोटारीच्या अंगापासून सव्वा मीटर लांब पाहिजे. आता वेग. ताशी १८ किलोमीटर काही फार नाही, पोरं त्याहून जोरात जातात. तो सेकंदाला बरोबर पाच मीटर होतो. दार दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद गेला धरला तर एक अख्खी मोटार मागं पडते आणि मगच ब्रेक लागायला सुरुवात होते. रांगेतल्या पुढच्याच मोटारीचं दार उघडलं तर ब्रेकला अर्थच उरत नाही. उरतो तो सव्वा मीटर.

आणि सव्वा मीटर सोडला की मी कुठं येतो? रस्त्याच्या मधोमध. राजारामपुरी मेन रोड, शाहूपुरी व्यापारी पेठ, लक्ष्मीपुरी, कुठंही मोजून पाहा. मागून केएमटीच्या बस, रिक्षा, दुचाक्या हॉर्न मारतात, काचा खाली करून "आजोबा, बाजूनं चालवा की" म्हणतात, आणि आपले पत्रलेखक घरी जाऊन पत्र लिहितात. साहेब, बाजूला जागा आहे कुठं? बाजूला दारं आहेत.

यात रिक्षावाल्यांना मी दुवा देतो. त्यांच्यावर माझा दुसरा राग पुष्कळ आहे, पण रिक्षाला दार नाही.

गावाबाहेर दारं संपतात आणि ट्रॉल्या सुरू होतात. गळिताचा हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्या पंक्चर होऊन रस्त्यातच उभ्या. मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, असलाच तर चिखलात बुडालेला. पहाटे पावणेसहाला केर्लीच्या अलीकडं धुक्यात ट्रॉली दिसत नाही, आधी उसाचा वास येतो. आम्ही त्या वासावर ब्रेक मारायला शिकलोय. त्याहून वाईट म्हणजे चाकाखाली लावलेले दगड. ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात, महिना महिना. पैलवान प्रत्येक ठिकाणी उतरून दगड कडेला फेकतात, त्यामुळे आमचा पन्हाळा अर्धा तास उशिरा येतो. वाहन धोका होईल असं उभं करू नये, हे मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमातच आहे, वकीलसाहेबांनी काढून दाखवलं. मोटारीलाही ते लागू आहे आणि ट्रॉलीलाही.

दाराचा इलाज मात्र कायद्याहून सोपा आहे, फुकट आहे, आणि मला तो पडल्या पडल्या मोबाइलवर सापडला. हॉलंडमध्ये दाराला लांबचा हात लावायची रीत आहे, इंग्रजीत तिला 'डच रीच' म्हणतात. आपलं स्टिअरिंग उजवीकडं, तेव्हा ड्रायव्हरनं उजव्या हातानं दार न उघडता डाव्या हातानं उघडायचं. करून पाहा. डावा हात उजव्या दाराकडं न्यायचा तर खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते, डोळ्यासमोर आपोआप आरसा येतो आणि त्यामागं रस्ता. मुद्दाम लक्षात ठेवून बघायची गरजच नाही. मागच्या सीटवर उजवीकडं बसलेल्यानंही तेच. पोराबाळांना शाळेपाशी उतरवणाऱ्यांनी तर पोरांना हे आधी शिकवावं.

ब्रिटनमध्येही स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडं. त्यांनी ही पद्धत जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमपुस्तकात, घातली. त्याच महिन्यात आपल्याकडं काय चाललं होतं आठवतं? सुपरमार्केटात वाईन ठेवू द्यायची की नाही, यावर अख्खा महाराष्ट्र भांडत होता. वाईन वाईट की बरी यावर मीही तावातावानं बोललो होतो. दाराबद्दल आजवर कुणाला बोलताना ऐकलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पहिल्या दिवशी सीट बेल्टबरोबर एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरे. रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला आलेल्या गाड्यांची दारं एकदम उघडतात, तिथं एखादा फलक लागला तर आणखी बरं.

आता माझ्या मोटारीचं. एवढं सगळं मोजून, वाचून, लोकांना सांगून झाल्यावर गेल्या महिन्यात मी उद्यमनगरात गाडी लावली आणि सवयीनं उजव्या हातानं दार उघडलं. मागून दुधाचे कॅन लावलेला सायकलवाला येत होता. बायकोनं माझी कॉलर मागं ओढली म्हणून दार वीतभरच उघडलं. तो बिचारा काही न बोलता वळसा घालून गेला. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापला आणि दाराच्या आतल्या हँडलला रिंगेसारखा बसवला. उजवा हात गेला की बोटाला रबर लागतं, हात थबकतो, डावा पुढं येतो. तीन आठवडे झाले, एकदाही चुकलेलो नाही. मास्तरांच्या, वकीलसाहेबांच्या, धाकट्याच्या गाडीलाही बसवून दिली. पैलवानांकडं मोटार नाही, त्यांनी रिंग मनगटात घातली. वर्कशॉपमध्ये ट्यूबांचा ढीग पडलाय, ज्याला हवी त्याला कापून देईन, पैसे नकोत. मास्तर मात्र अजून बाटली मागतात. त्यांना म्हटलंय, फाइल मिटू दे, मग दोन आणतो, पण रिक्षानं.

आपला,
एक सायकलस्वार,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

(नाव छापू नये. मेडिक्लेमवालेही पेपर वाचतात.)